विमान रात्री जिथे थांबतं, तिथे बेस

तुझा प्रश्न दोनदा वाचला. सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) हातात आहे, उड्डाणाचे दोनशे तास पूर्ण झालेत, क्लास वन मेडिकल आणि आरटीआर (विमानाचा रेडिओ वापरायचा परवाना) झालंय. एका प्रादेशिक कंपनीनं एटीआरवर, म्हणजे पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानावर, को-पायलट म्हणून बोलावलंय. बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते तो विमानतळ, गोव्यातला मोपा; धारगळच्या तुमच्या घरापासून स्कूटरच्या अंतरावर. दुसरीकडे एका मोठ्या कंपनीच्या एअरबसच्या निवडयादीत तुझं नाव लागलंय, पण बोलावणं कधी येईल ते ठरलेलं नाही आणि बेस दिल्ली किंवा कोलकाता. बाबांनी बँकेचं कर्ज काढून फी भरली आहे. आईला तू घरी असावीस असं वाटतं. आणि तू विचारतेस की मोपा बेस मिळतोय तर घ्यावा का, आणि तिथली सिनियॉरिटी पुढे कामाला येते का.

मी मूळचा डिचोलीचा. बावीस वर्षं उडवतोय, त्यातली बहुतेक टर्बोप्रॉपवर, म्हणजे एटीआरसारख्या पंख्यांच्या विमानांवर, शेवटची आठ प्रशिक्षक म्हणून. घरी जेवून ड्युटीला जाणं आणि ड्युटी संपली की घरच्या अंगणात पाय ठेवणं यात काय सुख आहे ते मी भोगलंय, आणि ते एका आठवड्यात हातातून गेलेलंही पाहिलंय. म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी 'बेस मिळाला' हा शब्दप्रयोग मनातून काढ. बेस वैमानिकाला मिळत नाही, तो विमानाला असतो. कंपनीच्या पत्रात 'मोपा' लिहिलेलं असतं, पण तो बेस खरा किती आहे हे एकाच गोष्टीवरून कळतं: रात्री शेवटचं उड्डाण संपल्यावर मोपाच्या ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेत, कंपनीची किती विमानं मुक्कामाला असतात. जिथे विमान रात्री थांबतं, तिथून ते सकाळी पहिलं उड्डाण करतं. सकाळचा क्रू तिथलाच हवा, नाहीतर त्याला हॉटेलात ठेवायचा खर्च येतो. कंपनी बेस चालवते तो हा खर्च वाचवण्यासाठी. विमानाचा मुक्काम हलला की दोन-तीन महिन्यांत बेसही हलतो, मग पत्रात काहीही लिहिलेलं असो.

आता हिशेब करून बघ. एक एटीआर ७२ व्यवस्थित चाललं तर दिवसाला साधारण दहा तास हवेत असतं, तास-सव्वा तासाच्या सेक्टरवर (एका विमानतळावरून दुसऱ्यावर एक उड्डाण म्हणजे एक सेक्टर). महिन्याचे झाले ३०० तास. एक वैमानिक छोट्या सेक्टरवर महिन्याला सत्तरच्या आसपास तास नीट उडवू शकतो. कागदावर वर्षाला १,००० तासांची मर्यादा आहे, पण दिवसाला चार-पाच लँडिंग करणाऱ्या माणसाला त्या मर्यादेच्या जवळ नेणं शहाणपणाचं नाही. ३०० ला ७० नं भाग, सव्वाचार जोड्या येतात. त्यात रजा, आजारपण, वर्षातून दोनदा सिम्युलेटर, मेडिकल हे धर. म्हणजे एका विमानामागे पाच कॅप्टन आणि पाच को-पायलट. मोपाला दोन विमानं मुक्कामाला असतील तर तिथे दहा को-पायलट लागतात. तुला घेतल्यावर तू यादीत आठवी आहेस की चौदावी, हे विचार. आठवी असशील तर तुझी जागा विमानाच्या गरजेतून आलीय. चौदावी असशील तर तुला पुढच्या वर्षी येणाऱ्या विमानाच्या भरवशावर घेतलंय. ते विमान येईपर्यंत तुझ्या वाट्याला महिन्याला पंचवीस-तीस तास येतील, आणि लागेल तिथे, म्हणजे हैदराबादला किंवा पुण्याला, तुला पाठवलं जाईल.

विश्रांतीचे नियम बदलले की हे आकडेही बदलतात. डीजीसीएनं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं) आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, ते जुलै २०२५ पासून लागू झालं. वैमानिकांच्या दृष्टीनं फार चांगलं झालं. पण त्यामुळे तेवढ्याच विमानांना जास्त माणसं लागू लागली, आणि ज्यांनी माणसांचं गणित आधी केलं नव्हतं त्यांचं काय होतं ते डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा सगळ्या देशानं पाहिलं. छोट्या कंपनीत हा फटका आणखी लवकर बसतो, कारण तिथे राखीव माणसं नसतात. तीन कॅप्टनना एकाच वेळी ताप आला तर एका विमानाचं दिवसभराचं वेळापत्रक कोसळतं.

आता ताफ्याबद्दल, कारण तुझ्या वयाची मुलं याकडे बघतच नाहीत. प्रादेशिक कंपनीकडे पाच विमानं आहेत असं ऐकलंस तर उडायला पाच आहेत असं समजू नकोस. एक मोठ्या तपासणीला गेलं की चार राहतात, म्हणजे ताफ्याचा पाचवा हिस्सा कमी. शंभर विमानांच्या कंपनीला एक विमान तपासणीला गेल्याचं जाणवतही नाही. पाचांच्या कंपनीत त्या एका विमानासाठी कुठलातरी मार्ग बंद करावा लागतो, आणि कुठला बंद करायचा हे ठरवणारा माणूस मुंबईत किंवा गुरुग्राममध्ये संगणकासमोर बसलेला असतो. त्याला तुझं धारगळचं घर दिसत नाही, ज्या मार्गावर कमी पैसे येतात तो दिसतो. त्यात बहुतेक विमानं भाडेपट्ट्यावर असतात. पट्टा संपला की विमान परत. नवं ठरलेल्या महिन्यात येईलच असं कधी धरू नये. इंजिनांच्या दुरुस्तीचा तुटवडा, कागदपत्रं, नोंदणी, डीजीसीएची तपासणी, यात महिने जातात.

दुसरा भाग उडानचा. ही योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली, पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला सिमल्याहून दिल्लीला गेलं. छोट्या गावांच्या मार्गावर सरकार ठराविक जागांसाठी तूट भरून देतं, साधारण तीन वर्षं. त्या तीन वर्षांत प्रवासी तयार झाले तर मार्ग टिकतो, नाहीतर अनुदानाबरोबर तोही संपतो. तुझ्या कंपनीचे मोपाहून किती मार्ग उडानवर आहेत आणि त्यांचं कितवं वर्ष चालू आहे, हे मुलाखतीत विचारायला लाजू नकोस. मी मुलाखत घेणारा असतो तर असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे जास्त लक्ष दिलं असतं.

गोव्यातच बघ. गोव्याचा जुना विमानतळ दाबोळी, म्हणजे नौदलाचा तळ, आयएनएस हंसाची धावपट्टी. वर्षानुवर्षं आठवड्याच्या दिवसांत सकाळचे तास लष्करी उड्डाणांसाठी राखीव असायचे, आणि प्रादेशिक विमानाला तर सकाळचाच प्रवासी हवा असतो. म्हणून दाबोळीवर छोट्या विमानांचा घट्ट बेस कधी रुजला नाही. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यावर ती अडचण गेली. मार्च २०२४ मध्ये फ्लाय ९१ नं एटीआर ७२-६०० घेऊन इथूनच सेवा सुरू केली आणि गोव्याला स्वतःची म्हणता येईल अशी विमान कंपनी मिळाली. मी त्या दिवशी ड्युटीवर होतो आणि रेडिओवर त्यांचा आवाज ऐकून मला खरंच भरून आलं होतं. पण त्याच मोपामुळे काही मार्गांचं गणित बदललं. सिंधुदुर्गातल्या चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा सावंतवाडी-कुडाळचा प्रवासी त्याचा मानला होता. आता त्यातले पुष्कळ लोक मोपाला येतात, कारण इथे उड्डाणं जास्त. एका विमानतळाचा बेस वाढतो तेव्हा शेजारच्याचा मार्ग सुकू शकतो, हे लक्षात असू दे. कंपन्या दाबोळीवरून मोपाला गेल्या तेव्हाही तसंच झालं. दाबोळीशेजारी वास्कोत हप्त्यांवर घर घेतलेले माझे ओळखीचे लोक आता पहाटेच्या ड्युटीला झुआरी आणि मांडवी दोन्ही ओलांडून येतात. त्यांचा बेस कागदोपत्री बदललाच नाही, 'गोवा' तो 'गोवा'च राहिला.

माझं सांगतो. पहिल्या नोकरीत माझा बेस घरापासून दोन तासांवर होता, दोन विमानं मुक्कामाला. मी त्या बेसवर को-पायलटांत तिसरा होतो आणि मला वाटायचं की आपण पक्के बसलो. पावसाळ्यात एक विमान तपासणीला गेलं ते परत तिथे आलंच नाही, पट्टा संपवून देऊन टाकलं. राहिलेलं दुसरं विमान ऑक्टोबरच्या वेळापत्रकात दक्षिणेतल्या एका शहरात मुक्कामाला लावलं. आम्हाला आठ दिवसांची सूचना होती. बायको सात महिन्यांची गरोदर. बेसवर तिसरा असण्याचा काही उपयोग झाला नाही, कारण बेसच उरला नव्हता, आणि कंपनीच्या एकूण यादीत मी एकतिसावा होतो. नव्या शहरात गेल्यावर तिथली चांगली रोस्टर (ड्युटीची वेळापत्रकं) आधीच्यांची, आमच्या वाट्याला उरलेलं. बाळाच्या जन्माच्या दिवशी मी दुसऱ्या शहरात हॉटेलात होतो. कंपनीनं नियमाबाहेर काही केलं नाही. करारात लिहिलेलं होतं: कामाच्या गरजेनुसार कुठेही बदली. मी सही करताना ती ओळ वाचली होती आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं होतं.

म्हणून सिनियॉरिटीच्या बाबतीत दोन गोष्टी नीट समजून घे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत प्रत्येक वैमानिकाला एक क्रमांक असतो, आणि बेस, विमान, कॅप्टनची जागा, रजा, सगळं त्या क्रमांकानं मागता येतं. संघटनेच्या करारानं ते बांधलेलं असतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तसं बंधन नाही. यादी असते, पण बेस ठरवण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे. बदलीचा अर्ज रांगेत लागतो आणि रांग कोणत्या निकषानं पुढे सरकते ते स्पष्ट लिहिलेलं नसतं. त्यामुळे लेखी विचार: यादी कंपनीची एकच आहे की प्रत्येक बेसची वेगळी? एकच असेल तर हैदराबादचा तुझ्याहून जुना को-पायलट गोव्याला येऊ शकतो आणि तुला तिकडे जावं लागू शकतं. कोकण आणि गोव्यातली किती मुलं बाहेरच्या बेसवर बसून मोपाची वाट बघताहेत, हे कंपनीतल्या एखाद्या को-पायलटला चहाला नेऊन विचार. बेसची वेगळी यादी असेल तर तू इथे सुरक्षित, पण उद्या तू हैदराबादला गेलीस तर तिथे तळापासून सुरुवात.

आणि यादीत नंबर कोणत्या तारखेनं लागतो ते विचार. रुजू झाल्याच्या, की रिलीज झाल्याच्या, म्हणजे प्रशिक्षण संपवून देखरेखीशिवाय उडवायला मोकळं झाल्याच्या? दिसायला किरकोळ फरक, पण यातच लोक रडतात. एकाच दिवशी रुजू झालेल्या सहा जणांपैकी कुणाला टाइप रेटिंगसाठी (त्या प्रकारचं विमान उडवायची मान्यता) सिम्युलेटरची तारीख आधी मिळते, कुणाला दोन महिन्यांनी. मग सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग, म्हणजे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली प्रवासी उड्डाणं, मग रिलीज चेक. पावसाळ्यात प्रशिक्षकांना वेळ नसतो, मोपाच्या सड्यावर ढग टेकतात, उड्डाणं वळवली जातात, आणि तुझा चेक पुढे ढकलला जातो. रिलीजच्या तारखेनं यादी असेल तर तुझ्यासोबत रुजू झालेला मुलगा तुझ्या चार जागा पुढे जातो, यात तुझा दोष काहीच नसताना. आणि पाच-सहा वर्षांनी त्याला कमांड, म्हणजे कॅप्टनची जागा, आधी मिळते.

हे आकडे रोजच्या जगण्यात कुठे दिसतात सांगू? चवथीला, म्हणजे गणपतीत. गोवा बेसवर ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरला सगळ्यांना घर हवं असतं, माटोळी बांधायला, आरत्यांना. रजा मिळते वरच्या नंबरांना. आमच्याकडे एक चांगली पद्धत आपोआप पडली होती: नाताळ करणारे सहकारी चवथीत उडवायचे आणि आम्ही नाताळात त्यांच्यासाठी उडवायचो. डिसेंबर तर गोव्याचा हंगाम, त्या दिवसांत कंपनी रजा जवळजवळ बंदच ठेवते. पहिली तीन वर्षं तू चवथीला घरी असशील असं आईला आत्ताच सांगू नकोस, बेस घराशेजारी असला तरी.

सिनियॉरिटीबद्दल सगळ्यात कडू गोष्ट ही की ती कंपनीबाहेर नेता येत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. पंधरा-वीस वर्षं एका यादीत चढलेली माणसं दुसऱ्या कंपनीत जाऊन यादीच्या तळाशी लागली. काही कॅप्टन पुन्हा को-पायलटच्या उजव्या खुर्चीवर बसले. तुझ्यासोबत फक्त तास जातात, लायसन्सवरची टाइप जाते आणि तुझ्याबद्दल प्रशिक्षकांनी लिहिलेलं जातं. म्हणून तुला कंपनी निवडताना मी पहिला प्रश्न तासांचा विचारीन आणि बेसचा नंतर.

एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या लायसन्सला, १,५०० तास लागतात. तू २०० वर आहेस. महिन्याला ६५ तास मिळाले तर वीस महिन्यांत पूर्ण होतात, तीस मिळाले तर साडेतीन वर्षं लागतात. शिवाय त्यात १०० तास रात्रीचे हवेत, आणि हे प्रादेशिक कंपनीत नव्या मुलांच्या ध्यानात उशिरा येतं. छोटी विमानतळं बरीचशी दिवसाउजेडी चालतात. लक्षद्वीपमधल्या अगत्तीची धावपट्टी जेमतेम बाराशे मीटर, दोन्ही टोकांना समुद्र. अशा ठिकाणी सकाळीच जायचं आणि परतायचं. अनुभव सोन्यासारखा, पण लॉगबुकातला रात्रीचा रकाना रिकामा राहतो. माझ्या हाताखालच्या एका मुलाचे १,७०० तास झाले तरी रात्रीचे ६० च होते, आणि त्याची कमांडची वेळ निघून गेली. पहिल्या वर्षापासून रोस्टरवाल्यांकडे संध्याकाळची ड्युटी मागत जा. पहाटेची सगळ्यांना नकोशी असते, पण पहाटेच्या अंधारातलं उड्डाणही रात्रीतच मोजलं जातं.

आता एटीआर की एअरबस. एटीआरला कमी लेखणाऱ्यांचं ऐकू नकोस. दोन पंखे, हातानं उडवायचं विमान, पावसाळ्यात अठरा-वीस हजार फुटांवर ढगांतूनच जायचं, बर्फ साचतोय का ते सतत बघायचं, कोकणच्या आडव्या वाऱ्यात दिवसाला चार वेळा उतरायचं. इथे तीन वर्षं नीट शिकलेला माणूस पुढे कुठेही उभा राहतो. पण विमान लहान म्हणून सोपं, असंही समजू नकोस. १५ जानेवारी २०२३ ला नेपाळमधल्या पोखऱ्यात एटीआर पडलं, ७२ माणसं गेली. चौकशीत निघालं की उतरताना फ्लॅपच्या (पंखांमागच्या झडपांच्या) लिव्हरऐवजी प्रोपेलरचे लिव्हर ओढले गेले, दोन्ही पंखे फेदर झाले, म्हणजे त्यांची पाती हवेला समांतर वळली, आणि इंजिनं चालू असूनही जोर संपला. मी प्रत्येक नव्या को-पायलटला पहिल्या दिवशी हे सांगतो आणि लिव्हरला हात लावण्याआधी नाव उच्चारायला लावतो. कंपनी प्रशिक्षणात घाई करते का, हे तिथल्या लोकांकडून काढ. रिलीजला चार महिने जास्त लागले तरी चालतील, पण घाईनं रिलीज नको.

कमांडचं म्हणशील तर छोट्या पण वाढणाऱ्या कंपनीत ती लवकर येते. चार विमानांची आठ झाली की वीस नवे कॅप्टन लागतात, आणि देशात एटीआरचे कॅप्टन दोन-तीन कंपन्यांकडेच आहेत. ते बाहेरून आणणं महाग, म्हणून आतल्या को-पायलटांना वर काढतात. हजारो वैमानिकांच्या कंपनीत तुझ्यापुढे लांब रांग असते. फक्त 'वाढणारी' हा शब्द कंपनीच्या जाहिरातीवरून ठरवू नकोस. गेल्या दोन वर्षांत सांगितलेली किती विमानं आली आणि किती आली नाहीत, हे मोज.

माझं मत विचारतेस तर एटीआर घे. एअरबसच्या यादीत वाट बघत घरी बसलीस तर महिन्यागणिक हात बोथट होतो, आयआर (उपकरणांच्या आधारे उडवायचं रेटिंग) चालू ठेवायला पैसे जातात आणि कर्जाचं व्याज थांबत नाही. पण मोपासाठी घेऊ नकोस, तासांसाठी घे. मोपा मिळालं तितके दिवस आईच्या हातचं खा. धारगळला घर वाढवायला किंवा गाडी घ्यायला या बेसच्या भरवशावर नवं कर्ज काढू नका, हे बाबांनाही माझ्या वतीनं सांग. बाँड (ठरलेली वर्षं कंपनी न सोडण्याची हमी) किती वर्षांचा आणि त्याची रक्कम वर्षागणिक कमी होते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, ते वाच. रक्कम कमी होत नसेल तर तशी मागणी कर, काही कंपन्या मान्य करतात. सोडायचं झालं तर डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानं को-पायलटला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस आहे. मोठ्या कंपनीनं उद्या बोलावलं तरी तू लगेच जाऊ शकणार नाहीस, हे त्यांना आत्ताच कळवून ठेव आणि यादीतलं नाव काढू नकोस.

सही करायला तुला दोन आठवडे आहेत असं लिहिलंयस. तेवढ्यात एक काम कर. विमानांची हिवाळी आणि उन्हाळी वेळापत्रकं ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात. कंपनीच्या संकेतस्थळावर पुढच्या हंगामाची तिकिटं विक्रीला असतील. मोपाहून सकाळी आठच्या आत किती उड्डाणं सुटतात आणि रात्री आठनंतर किती येतात ते कागदावर मांड. सकाळची सुटणारी आणि रात्रीची येणारी जुळली की मुक्कामाची विमानं किती ते कळेल. ती एक आली तर हैदराबादच्या भाड्याची चौकशी आत्तापासून करून ठेव. दोन किंवा जास्त आली तर यादीतला तुझा नंबर विचार, आणि मग करारातलं बदलीचं कलम घेऊन माझ्याकडे ये, आपण ओळन् ओळ वाचू.